नावाजलेलं आणि राहून गेलेलं

परदेशाची सहल ठरली की पासपोर्ट आणि व्हिसा यांच्याही आधी घरात एक यादी तयार होते. मुलगा म्हणतो अमुक बघायलाच पाहिजे, जाऊ म्हणते तमुक चुकवायचं नाही, शेजारच्या वहिनी मोबाईलवर आपले फोटो दाखवून सांगतात, "इथं उभं राहून काढा हं फोटो, मागं सगळं येतं." यादीतली नावं बहुधा सगळ्यांची सारखीच असतात. पॅरिसला आयफेल टॉवर, रोमला कलोसियम, फ्लॉरेन्सला घुमट आणि डेव्हिड. ही यादी कुणी केली, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. जणू ती वरूनच आली आहे.

तशी ती वरून आलेली नाही. तिला इतिहास आहे आणि तो फार जुनाही नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातली तरुण मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून वर्ष-दोन वर्षं फ्रान्स-इटलीत फिरून यायची. बरोबर एक शिक्षक असायचा. कोणतं चित्र बघायचं, कोणत्या मूर्तीपुढं थांबायचं, हे तो सांगायचा. पुढं १८३६ मध्ये लंडनच्या जॉन मरेनं प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तकं काढायला सुरुवात केली, आणि जर्मनीच्या कार्ल बेडेकरनं १८४० च्या दशकात आपल्या पुस्तकांतून खास ठिकाणांपुढं चांदणी छापायला सुरुवात केली. चांदणी असली की बघायचं, नसली की पुढं जायचं. आज आपण मोबाईलवर तारे मोजतो, त्याचं मूळ हे असं पावणेदोनशे वर्षांमागं आहे.

त्याच काळात थॉमस कुक नावाच्या एका गृहस्थानं, तोही दारूबंदीचा प्रचार करणारा, ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेनं माणसं नेली. दारूबंदीच्या सभेला जायचं म्हणून एक शिलिंगात जाणं-येणं. त्या छोट्या फेरीतून पुढं सहलींचा मोठा धंदा उभा राहिला आणि १८६४ मध्ये कुकच्या मंडळी इटलीत पोचल्या. या सहलींत बायका पुष्कळ असायच्या. एकटीनं प्रवास करणं ज्या काळात बरं समजत नसत, त्या काळात गटाबरोबर जायला घरची परवानगी मिळायची. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. आपल्या महिला मंडळांच्या यात्रा दुसऱ्या कशामुळं निघतात? गट असला की घर सोडता येतं.

तेव्हा यादीला आणि गटाला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्यांनीच आपल्याला उंबऱ्याबाहेर काढलं. पण यादी करणाऱ्याची नजर ही त्याची नजर असते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. बेडेकरच्या चांदण्या देणाऱ्यानं बेळगावच्या, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मराठी बाईला काय बघावंसं वाटेल, याचा विचार करण्याचं काही कारणच नव्हतं. तो विचार आपला आपल्यालाच करावा लागतो.

गोम्मटेश्वराच्या पायाशी

आपल्या समाजातल्या बायकांना ही गोष्ट नवी नाही, कारण यात्रेत आपण ती नेहमी अनुभवतो. श्रवणबेळगोळला कोण जात नाही? विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून सत्तावन्न फुटी बाहुबलीपुढं उभं राहिलं की बोलणं आपोआप थांबतं. हजार वर्षांहून अधिक काळ ती मूर्ती तशी उभी आहे आणि तिची कीर्ती अगदी रास्त आहे. पण समोरच्या चंद्रगिरीवर किती जणी चढतात? चामुंडराय बसदी, भद्रबाहूंची गुहा आणि खडकाखडकांवर कोरलेले सल्लेखनेचे लेख तिथं आहेत. बस सुटायची वेळ झाली म्हणून ते राहून जातं.

आणखी एक सांगते. खुद्द बाहुबलीच्या पायांजवळच मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक लेख आहे. कन्नड मुलखातल्या डोंगरमाथ्यावर, जैन मूर्तीच्या पायाशी, आपली भाषा. आपण अभिषेकाचं बघतो, फुलं वाहतो, मान वर करून मूर्ती बघतो आणि खाली बघायचं राहतं.

ग्वाल्हेरच्या वाचक मैत्रिणींना विचारा. किल्ल्यावर जाणारा मानमंदिर बघतो, सासबहू मंदिर बघतो. किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी कोरलेल्या तीर्थंकर मूर्ती मात्र पुष्कळदा गाडीच्या खिडकीतूनच दिसतात. बाबरानं त्या मूर्ती फोडायला सांगितल्याचं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, आणि तरी त्या अजून उभ्या आहेत. आमच्या बेळगावात किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या राज्यातली. छतातलं ते दगडी कमळ बघायला लांबून माणसं येतात आणि गावातल्या कितीतरी घरांतल्या सुना लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी तिथं गेलेल्या नसतात.

सांगायचं एवढंच की राहून जाणारी जागा दूर, कुठंतरी जंगलात असते असं नाही. बरेचदा ती नावाजलेल्या जागेच्या पायाशीच असते. परदेशात तर हे अधिकच खरं. एकच गाव घेऊन दाखवते. इटलीतलं फ्लॉरेन्स. हे गाव घेण्याला एक घरचं कारण आहे, ते पुढं येईलच.

घुमट आणि एक निपुत्रिक बाई

फ्लॉरेन्सचा घुमट आधी बघावाच. मोठ्या देवळांची आपल्याला सवय असते, तरी मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. १४२० मध्ये ब्रुनेलेस्कीनं काम सुरू केलं आणि १४३६ पर्यंत घुमट उभा राहिला. आतल्या बाजूला साधारण पंचेचाळीस मीटर रुंदीची अष्टकोनी पोकळी झाकायची होती. कमान बांधताना खालून लाकडी आधार देण्याची रीत आहे. एवढ्या रुंदीला तेवढं लाकूडकाम उभं करणं अवघड होतं. त्यानं एकात एक असे दोन घुमट रचले आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवल्या, म्हणजे प्रत्येक थर स्वतःलाच धरून राहील. आपल्या विजापूरचा गोलघुमट पुरा झाला तो १६५६ मध्ये, म्हणजे याच्यानंतर दोनशेवीस वर्षांनी, आणि तिथल्या कारागिरांनी अगदी वेगळ्या युक्तीनं, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर, आपला घुमट तोलला. दोन्ही बघितलेल्या बाईला दोन्ही जास्त कळतात. गोलघुमट बघून गेलात तर फ्लॉरेन्समध्ये तुम्ही अडाणी नसता.

तसंच उफिझी. तिथली चित्रं बघायला जगभरातून माणसं येतात. पण ती चित्रं तिथंच का आहेत? मेदिची घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जमवली म्हणून, असं वाटाडे सांगतात. ते अर्धं झालं. अशी कितीतरी राजघराणी बुडाली आणि त्यांचा खजिना चहूकडं पांगला. मेदिचींचा पांगला नाही, कारण त्या घराण्यातल्या शेवटच्या बाईनं एक कागद करून ठेवला.

तिचं नाव आन्ना मारिया लुईसा. जन्म १६६७ चा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दिलेली, मूलबाळ नाही, नवरा वारल्यावर १७१७ मध्ये माहेरी परत आलेली. भावालाही मूल नव्हतं. तो १७३७ मध्ये गेला आणि युरोपातल्या मोठ्या सत्तांनी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणं राज्य लोरेनच्या घराण्याकडं गेलं. राज्य हिच्या हातात कुणी देणार नव्हतं. पण घराण्याची मालमत्ता हिची होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला हिनं नव्या राजाशी करार केला. चित्रं, मूर्ती, ग्रंथ, जडजवाहीर सगळं तुमच्याकडं येईल, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही. राज्याची शोभा म्हणून, लोकांच्या उपयोगासाठी आणि परक्यांनी बघायला यावं म्हणून ते इथंच राहील. १७४३ मध्ये ती वारली. १७६९ मध्ये उफिझी लोकांसाठी उघडली.

बघा, परक्यांनी बघायला यावं, हे तिनं पावणेतीनशे वर्षांमागं मनात आणलं होतं. आपण तिकिटाच्या रांगेत उभ्या असतो ते तिच्या शब्दामुळं. "वंश बुडाला" म्हणून जिच्याकडं बघत असतील, तिच्यामुळं एका गावाला आजवर पोट भरण्याचं साधन मिळालं. दरवर्षी १८ फेब्रुवारीला, तिच्या पुण्यतिथीला, फ्लॉरेन्स तिची आठवण काढतं. आपल्या सहलींच्या यादीत मात्र चित्रकारांची नावं असतात, तिचं नसतं. नावाजलेली जागासुद्धा अर्धी राहून जाऊ शकते ती अशी.

अर्धं नाणं

डेव्हिडचा मूळ पुतळा ज्या अकादमीत आहे, तिथून चार पावलांवर सांतिस्सिमा अन्नुन्झियाताचा चौक आहे. डेव्हिड बघून बाहेर पडलेली गर्दी उलट्या दिशेनं, घुमटाकडं वळते. या चौकात एक लांबलचक ओसरी दिसते. सडपातळ खांब, वर अर्धगोल कमानी, आणि कमानींच्या मधे निळ्या गोलांत बाळंत्यात गुंडाळलेली तान्ही बाळं. हे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, सोडून दिलेल्या मुलांचं घर. रेशीमवाल्यांच्या संघानं ते बांधायला काढलं, आणि १४१९ मध्ये त्याचा आराखडा केला तो याच ब्रुनेलेस्कीनं. घुमट बघायला जग लोटतं, आणि त्याच माणसानं अनाथ लेकरांसाठी बांधलेल्या ओसरीत दुपारी बसायला निवांत जागा मिळते.

५ फेब्रुवारी १४४५ रोजी इथं पहिलं बाळ आलं. मुलगी होती. तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं. सुरुवातीच्या काळात येणाऱ्या बाळांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त होती, यातलं कारण आपल्या बायकांना समजावून सांगायला नको. गरिबी, लग्नाआधीचं बाळंतपण, दुसऱ्याच्या घरी दाई म्हणून जावं लागणं, अशी आणखीही कारणं होती. पुढं एका खिडकीतून बाळ आत ठेवायची सोय होती. ठेवणारीचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. ती खिडकी १८७५ मध्ये बंद झाली.

या इमारतीत आज संग्रहालय आहे. तिथं लहान लहान कप्प्यांत बाळांच्या अंगावर सापडलेल्या खुणा ठेवल्या आहेत. अर्धं तोडलेलं नाणं, अर्धं पदक, मण्यांचा तुकडा, कापडाची चिंधी. अर्धं आईनं आपल्याजवळ ठेवायचं, अर्धं बाळाच्या गळ्यात बांधायचं. कधी दिवस पालटले आणि परत न्यायला आलं, तर दोन तुकडे जुळवून हे माझंच म्हणून सांगता यावं. जे तुकडे तिथं कप्प्यांत आहेत, त्यांचे जोडीदार कुठंच नाहीत. कुणी न्यायला आलं नाही, म्हणून ते तिथं आहेत.

मी सांगते, डेव्हिडपुढं बायका वाहवा करतात, आणि इथं त्या बोलायच्या थांबतात. आपल्याकडं जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ मध्ये पंढरपूरला तसंच घर निघालं. दुःख सगळ्या मुलखांत एकच होतं. फ्लॉरेन्समध्ये आजही इन्नोचेन्ती आडनावाची माणसं भेटतात. ते आडनाव या घराचं आहे.

स्टेशनजवळच्या सांता मारिया नोव्हेलाच्या संग्रहालयातही असंच एक राहून जाणारं चित्र आहे. प्लाउतिल्ला नेल्ली या जोगिणीनं सोळाव्या शतकात काढलेलं येशूचं शेवटचं भोजन, सुमारे सात मीटर लांबीचं. त्या काळी बायकांना माणसाच्या शरीराचा अभ्यास करायची मुभा नव्हती आणि एवढं मोठं काम बाईच्या हाती कुणी देत नसे. तिनं मठातल्या बायकांच्या भोजनगृहासाठी ते काढलं, सही केली आणि सहीजवळ या चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा असं लिहिलं. कित्येक वर्षं ते लोकांच्या नजरेआड राहिलं. दुरुस्त होऊन २०१९ मध्ये ते सगळ्यांसाठी मांडलं गेलं. टेबलावर तिनं पानं, शेंगा आणि पाव नीट काढले आहेत. भाजलेलं कोकरूही आहे, ते आपल्या नजरेला खुपतं, पण शेंगा सोलायला बसल्यासारख्या ठेवल्या आहेत त्या बाईच्याच हाताच्या आहेत, हे लगेच ओळखू येतं.

आर्नोकाठचा कोल्हापूरकर

आता घरचं कारण. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठानं साडेतीन किलोमीटर लांब अशी कास्चिने नावाची बाग आहे. मेदिचींच्या गाईगुरांचा मळा होता तो. मंगळवारी सकाळी तिथं आठवड्याचा बाजार भरतो. बागेच्या अगदी टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथं, झाडांत एक छत्री दिसते. आपल्याकडची असते तशी, राजघराण्यातल्या माणसाच्या समाधीवरची. छत्रीखाली रंगवलेला अर्धपुतळा. डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, चेहरा अगदी कोवळा. खाली इंग्रजी, इटालियन आणि आपल्याकडच्या लिप्यांत लेख.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच गावात वारले. वय वीस.

दत्तक येऊन १८६६ मध्ये ते गादीवर बसले. इंग्रजी शिकले. १८७० मध्ये इंग्लंडला निघाले, तेव्हा सुएझचा कालवा उघडून वर्षही झालं नव्हतं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. गादीवर असताना विलायतेला गेलेल्या पहिल्या हिंदू राजांपैकी ते एक. बरोबर कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी आणि आपले सेवक. लंडनला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, नावाजलेली सगळी ठिकाणं बघून झाली. रोज काय बघितलं, कोण भेटलं हे महाराज इंग्रजीत डायरीत टिपून ठेवायचे. ती डायरी वेस्टनं नीट लावून १८७२ मध्ये लंडनला छापली. आपल्याकडच्या राजानं केलेल्या युरोपप्रवासाची ही फार लवकरची नोंद, आणि ती लिहिणारा छापील प्रत बघायला नव्हता.

परतताना युरोपात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं होतं. मंडळी बेल्जियम, जर्मनी करत आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. वाटेतच महाराजांची तब्येत बिघडली होती. फ्लॉरेन्सला आर्नोकाठच्या हॉटेलात ते थांबले, आणि तिथून उठले नाहीत.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या मुलखात प्रेत जाळण्याची रीत नव्हती, आणि ख्रिस्ती धर्मसत्तेला ती मान्यही नव्हती. महाराजांच्या माणसांना मात्र दहनच करायचं होतं, आणि तेही संगमावर. परक्या गावात, कडाक्याच्या थंडीत, भाषा येत नसताना, त्या सेवकांनी आपल्या धन्यासाठी हे धरून ठेवलं. इंग्रज वकिलातीनं मधे पडून परवानगी मिळवली आणि रात्रीच्या वेळी आर्नो-मुन्योनेच्या संगमावर चिता रचली. गावची माणसं बघायला लोटली. असं काही त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. अस्थी गोळा करून भारतात न्यायला ठेवल्या. पुढं सहाच वर्षांनी मिलानला दहनगृह उभं राहिलं. इटलीत दहनाची चर्चा आधीपासून सुरू होती, पण त्या रात्री फ्लॉरेन्सकरांनी ती गोष्ट डोळ्यांनी बघितली.

१८७४ मध्ये ही छत्री उभी राहिली. अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं केला, आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. मँट हे नाव तुम्हाला माहीत नसेल, पण त्याचं काम तुम्ही बघितलेलं आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचा, १८८४ मध्ये पुरा झालेला. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्याचाच. १८८० मध्ये सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते याच महाराजांचं. त्यांच्या मागं गादीसाठी पुन्हा दत्तक घ्यावा लागला. तेही तरुणपणीच, १८८३ मध्ये, अहमदनगरला वारले. मग १८८४ मध्ये कागलहून दत्तक आले ते शाहू महाराज. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आयुष्यावर ज्यांचा हात आहे त्या शाहूंची गोष्ट या दूरच्या चितेपासून सुरू होते असं म्हटलं, तर फार चुकणार नाही.

फ्लॉरेन्सची माणसं त्या जागेला "इंडियानो" म्हणतात. जवळून १९७० च्या दशकात मोठा पूल बांधला, त्याचंही नाव तेच. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, सांगली इकडून दरवर्षी सहलींना जाणाऱ्या मंडळी गावात असताना हा संगम मात्र यादीत नसतो. सहलवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, "बाई, तिथं बघण्यासारखं काय आहे?" त्याचं एका अर्थी बरोबर आहे. बघण्यासारखं म्हणजे फोटोत मागं सगळं येण्यासारखं. इथं फोटोत एक छत्री आणि झाडं येतात.

मग बसवायचं कसं?

काही जण आता उलट टोकाला गेले आहेत. आम्ही नावाजलेलं काही बघतच नाही, असं ते मोठ्या मानानं सांगतात. मला हे पटत नाही. ज्या बाईनं तीस वर्षं घर सांभाळून, सासूसासऱ्यांचं करून, मुलींची लग्नं करून पहिल्यांदा आणि कदाचित शेवटचं विमान पकडलं आहे, तिला डेव्हिड बघू नको म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. ती परत जाणार नाही. नावाजलेल्या गोष्टींना नाव उगाच मिळत नाही. पण त्या बाईला दहा दिवसांत सहा देश पळवत नेणं हाही अन्यायच आहे.

माझा हिशेब साधा आहे. एका गावी निदान तीन दिवस द्यावेत. रोज सकाळी एक नावाजलेली जागा, आधी वेळ ठरवून तिकीट काढून, ताज्या डोळ्यांनी. दुपारनंतर एक राहून जाणारी जागा, शक्यतो पहिल्या जागेपासून चालत जाण्यासारखी. डेव्हिड झाला की इन्नोचेन्ती. गाडीसाठी स्टेशनकडं जायचंच आहे तर नेल्लीचं चित्र. सोमवारी उफिझी आणि अकादमी दोन्ही बंद असतात. गटातली मंडळी त्या दिवशी दुकानं धुंडाळतात. तो दिवस आर्नोकाठानं चालत संगमावर जायला ठेवावा.

रात्रीभोजन न करणाऱ्या बायकांना परदेशाची धास्ती असते. तर जूनमध्ये तिथं सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. सगळं बघून येऊन निवांत जेवता येतं, आणि चातुर्मास बसायच्या आत घरीही परतता येतं. हिवाळ्यात मात्र पाचच्या आत अंधार पडतो. तेव्हा दशमी, चटणी आणि खाकरे पिशवीतच ठेवावेत.

आणि निघण्याआधी एक काम घरी बसून करावं. आपल्या गावाचं, आपल्या समाजाचं, आपल्या बायकांचं त्या परक्या गावाशी काही नातं आहे का, ते शोधावं. न्यूयॉर्कला जाणारणीनं बघावं की आनंदीबाई जोश्यांच्या अस्थी हडसन नदीकाठच्या पोकिप्सी गावात आहेत. लंडनला जाणारणीला बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहिले ते घर आहे. लेस्टरला, जिथून कुकची ती पहिली गाडी सुटली, तिथंच आज आपलं जिनमंदिर आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेत जैनधर्म मांडायला गेलेल्या वीरचंद गांधींना समुद्र ओलांडल्याबद्दल आपल्याच लोकांकडून बोलणी खावी लागली होती. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत तिकडं मंदिर उभं राहिलं.

आज फ्लॉरेन्ससारख्या गावांना आपल्यासारख्या पाहुण्यांचाच भार होऊ लागला आहे. जुन्या गावातली घरं पाहुण्यांना भाड्यानं देण्यात जातात आणि राहणारी माणसं बाहेर पडतात, म्हणून २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेनं जुन्या भागात अशी नवी भाड्याची घरं काढायला बंदी केली. सगळ्यांनी त्याच चार चौकांत, त्याच चार तासांत गर्दी करायची, तर गाव तरी काय करणार? एक दुपार आपण बागेच्या टोकाला घालवली तर त्या गावावर तेवढाच भार कमी होतो.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला तर आपण जातोच. पुढच्या वेळी नवा राजवाडाही नीट बघून घ्या. काळ्या दगडाचा तो मनोरा, ते घुमट. ज्या हातानं ते काढले त्याच हातानं आर्नोकाठची ती छत्री काढली. मग कुणाची मुलगी, सून, भाची इटलीला निघाली की तिच्या यादीत घुमट, उफिझी, डेव्हिड यांच्या खाली एक ओळ आपल्या हातानं लिहून द्या: कास्चिने बागेचं पश्चिम टोक, नद्यांचा संगम. वीस वर्षांचा एक मुलगा तिथं आहे, आणि तो आपल्याकडचा आहे.